तसं नसतं ते

मास्तर चष्मा काढून पुसायला लागले, की आम्ही ओळखायचो, आज कुणाचं तरी काहीतरी बंद पडणार.

पुसायचीही रीत ठरलेली. आधी पँटीत खोचलेलं शर्टाचं टोक बाहेर ओढायचं. मग डाव्या काचेवर फुंकर, उजव्या काचेवर फुंकर, पुन्हा डावी. काचा आधीच लख्ख असायच्या. पुसायचं असायचं ते आमच्यापैकी कुणीतरी नुकतंच बोललेलं वाक्य. मग चष्मा चढवून, पुठ्ठ्याच्या आडोशामागून, आमच्याकडे न बघता ते म्हणायचे, "थांब, थांब. तसं नसतं ते."

एवढ्यावर त्यांनी उडणारी माणसं जमिनीवर आणली आहेत, मेलेल्यांची वाचा बसवली आहे, आणि एकदा तर आमच्या कोल्हापूरकराच्या पैलवानाला एक साधं लाकडी दार उघडू दिलेलं नाही. पैलवानाची ताकद अठरा, फाशावर दान पडलं एकोणीस, आणि दार म्हणे ढिम्म. कारण दाराच्या पलीकडे काय आहे ते मास्तरांनी अजून लिहिलं नव्हतं.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. पुण्याहून नगरकडे निघालं, की शिक्रापूर, मग रांजणगावचा महागणपती, आणि गणपतीला जोडलेले हात खाली येईपर्यंत कारेगाव. एमआयडीसी आली आणि गाव दुप्पट झालं; कुणी लातूरचा, कुणी बीडचा, कुणी वर्ध्याचा, घर तिकडे आणि खोली इकडे. मास्तरांच्या घरची चार एकर एमआयडीसीत गेली. उरल्या जागेत त्यांनी घर बांधलं आणि घराला लागून एका रांगेत नऊ खोल्या. स्वतः आयटीआय करून कंपनीत लागले आणि प्रेसशॉपला सुपरवायझर झाले. खोली नंबर चारमध्ये मी, क्वालिटीवाला. पाचात लातूरकर, सातात कोल्हापूरकर, नवात वर्धेकर. आमचे मालक, आमचे शेजारी आणि पुढे आमचे दैव, तिन्ही एकच गृहस्थ.

हे दैव २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आलं. कंपन्या बंद, गाड्या बंद, आम्ही खोल्यांत अडकलेलो. मास्तरांचा भाचा कोथरूडहून दोन दिवसांसाठी आला होता, तोही अडकला. त्याच्या सॅकमध्ये कपडे कमी आणि जाडजूड इंग्रजी पुस्तकं तीन. ओट्यावर बसून त्यानं आम्हाला खेळ समजावला. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणं नाही. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यात शिरायचं. कीर्तन रंगात आलेलं असताना श्रोत्यांतून कुणी उठावं आणि म्हणावं, "बुवा, मी रावणाच्या पायात पाय घालतो," आणि बुवांनी एकतारी खाली ठेवून म्हणावं, "टाक फासा." साधारण असा प्रकार. प्रत्येकाचं एक पात्र, त्या पात्राच्या अंगी ठरावीक विद्या, त्या कागदावर लिहिलेल्या, आणि फासा वीस तोंडांचा. त्या वेळी कुरियर बंद असल्यामुळे पहिला महिनाभर आम्ही स्टीलच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून खेळलो. पुढे फासे आले. त्यातला आठ तोंडांचा एकदा मेसच्या उसळीत पडला आणि वर्धेकरानं तो चावून पाहिला.

"आणि जो गोष्ट सांगतो तो गेम मास्टर," भाचा म्हणाला. मालकांनी खुर्ची पुढे ओढली. दाराच्या आत आजी, म्हणजे मालकांची आई, तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "आयटीआय झालेलं पोर मास्तर कदी झालं गं बाई?" त्या दिवसापासून मालकांचे मास्तर झाले. वहिनीसुद्धा आता रागात असल्या, की "या मास्तर, जेवायला" म्हणतात.

भाचा पुण्याला परत गेला, पुस्तकं इथंच राहिली. मास्तरांनी ती बोट ठेवून, मोबाइलवर शब्दाचा अर्थ बघत, नाइट शिफ्टच्या उरल्यासुरल्या वेळात वाचली. वाचताना ते एका जागी पोचले आणि तिथंच राहिले. खेळ चालवणाऱ्यांसाठीच्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच सांगितलंय, की नियम खेळासाठी आहेत आणि खेळ चालवणाऱ्याचा शब्द नियमाच्या वर आहे. मास्तरांनी त्या ओळींखाली लाल बॉलपेननं दोन रेघा मारल्या. त्या पानावर अंगठ्याचा हळदीचा ठसा आहे, चहाचं एक वर्तुळ आहे, कोपरा दुमडून दुमडून मऊ झालाय. पुढची पानं कोरी करकरीत. खेळाडूच्या युक्तीला शक्यतो हो म्हणावं, त्याला त्याच्या विद्येचा उपयोग होईल असे प्रसंग मुद्दाम घालावेत, असाही सल्ला त्याच पुस्तकांत आहे. तिथवर हळद पोचलेली नाही.

यात इंग्रजीचा दोष नाही. आपल्याकडे ज्ञानेश्वरीपासून सोसायटीच्या उपविधींपर्यंत माणसं आपल्या कामाची ओळ पाठ करतात. पण मास्तरांनी त्या ओळीसाठी इतिहासही जमवला. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा नावाच्या गावातून बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे दोघं कर्ते, आणि पहिल्या खेपेला खोकी छापली फक्त हजार. हे सांगताना मास्तर थांबायचे, कारण पुढचं त्यांचं आवडतं. "त्याच्या आधी जर्मन लष्कर." प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये नकाशावरच्या लढाईचा खेळ मांडला, नियम आणि फाशांसकट. नियम इतके झाले, की अधिकारी लढाईऐवजी तक्ते वाचत बसले. मग १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं सांगितलं, की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच काय म्हणतो ते खरं. "लष्करात चालतं," मास्तर म्हणायचे, "मग खोली नंबर पाचला का चालत नाही?"

लातूरकराचं उत्तर तयार असायचं. "लष्करातल्या पंचानं लढाई बघितली होती मास्तर. तुम्ही ड्रॅगन कुठं बघितला?"

लातूरकर हा मास्तरांच्या नशिबी आलेला खेळाडू. ज्या माणसाला नियमाच्या वर जायचंय त्याच्यासमोर नियम तोंडपाठ असलेला माणूस बसवायचा, ही नियतीची जुनी खोड आहे. त्यानं पुस्तकाची पानं मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलीत. कंपनीत तो स्टोअरला आहे. सहीशिवाय स्क्रू देत नाही.

त्याचं पात्र म्हणजे एक भगत. या भगताला पाचव्या पातळीवर एक विद्या मिळाली: मेलेल्याशी बोलणे. प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. ही विद्या मिळवायला त्याला आठ महिने लागले, कारण शिफ्ट जुळायच्या तेव्हाच खेळ व्हायचा. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मास्तरांनी खुनाची गोष्ट आणली. वाड्यात पाटील मरून पडलेत, खुनी कोण ते शोधा. सात संशयित, भुयार, वांझोटा आंबा, विहिरीत सापडलेलं पैंजण, मास्तरांनी काही काही करून ठेवलं होतं. आम्ही वाड्यात शिरलो. लातूरकर म्हणाला, "मी पाटलांनाच विचारतो."

शर्टाचं टोक बाहेर आलं. डावी काच, उजवी काच, पुन्हा डावी.

"तसं नसतं ते. पाटलाला तोंड नाही."

"तोंड नाही म्हणजे?"

"पुस्तकात बघ. प्रेताला तोंड लागतं."

हे मात्र खरं निघालं. पुस्तकात तसं आहे. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा नियमाचा आधार घेतला होता आणि त्या आनंदात ते थोडे फुललेही होते. लातूरकरानं शांतपणे मोबाइल खाली ठेवला. "दहा मिनिटांपूर्वी तुम्ही सांगितलं, पाटलांच्या तोंडात अर्धवट चावलेलं पान होतं."

आडोशामागे बराच वेळ काही हललं नाही. हा आडोसा म्हणजे फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा. आतल्या बाजूला मास्तरांचे तक्ते चिकटवलेले, आमच्या बाजूला दोन बाण, एक छत्री आणि फुटक्या पेल्याचं चित्र. शेवटी मागून आवाज आला, "पान होतं. पण मग कुत्र्यानं नेलं."

"पान?"

"तोंड."

त्या रात्री लातूरकर जेवला नाही असं वर्धेकर सांगतो. मला त्याचं दुःख कळत होतं. वर्षभर साठवलेली रजा ऐन बहिणीच्या लग्नाला नामंजूर व्हावी, तसं ते आहे. रजा तुमची, कागदावर तुमच्या नावापुढे लिहिलेली, आणि ज्या एका दिवसासाठी साठवली त्याच दिवशी साहेब म्हणतो, या आठवड्यात नको. एरवी कितीही घ्या.

कोल्हापूरकरानं त्यावर बोट ठेवलं ते फार बरोबर ठेवलं. आमच्या कंपनीतल्या प्रेसला पुढे लाइट कर्टन असतो. हात आत गेला, की किरण तुटतो आणि प्रेस जागच्या जागी थांबतो. प्रोडक्शनच्या घाईत एखादा पठ्ठ्या चावी फिरवून तो बायपास करतो. मास्तरांचा या गोष्टीवर एवढा संताप, की बायपासची चावी ते स्वतःच्या खिशात ठेवतात आणि रजेवर जाताना सही घेऊन दुसऱ्याला देतात. कोल्हापूरकर म्हणाला, "मास्तर, कंपनीत इंटरलॉक बायपास केला तर मेमो देता, आणि इथं दर सुट्टीला चावी फिरवताय की ओ." मास्तर हसले. मग गप्प झाले. मग म्हणाले, "तिथं हात जातो. इथं माझी गोष्ट जाते."

त्यात त्यांचं सगळं आलं. आम्ही खेळायला चार तास बसायचो, त्याआधी मास्तर आठवडाभर बसलेले असायचे. शंभरपानी वह्या. प्रत्येक गावाचा नकाशा, प्रत्येक गावात पार, पारावर म्हातारा, म्हाताऱ्याला खोकला. त्या म्हाताऱ्याला आम्ही भेटायच्या आतच वर्धेकराचा मांत्रिक म्हणायचा, "मी उडून पलीकडे जातो." उडायची विद्या दहा मिनिटं टिकते. एवढ्यात मास्तरांची सतरा पानं खालून निघून जातात. मग त्या खोऱ्यात अचानक वारा सुटतो. "मग घारी कशा उडतायत?" वर्धेकर विचारतो. "तुम्हीच मघाशी घारी सांगितल्या." मास्तर म्हणतात, "घारींना सवय आहे."

एकदा पावसानं लाइट गेली होती. मेणबत्तीच्या उजेडात वाद महाभारतावर गेला. मास्तर म्हणाले, "सगळ्यात मोठा गेम मास्टर कोण? श्रीकृष्ण. कर्णाला ऐनवेळी विद्या आठवली नाही. होती ना कागदावर? होती. चालली? नाही. जयद्रथाच्या वेळी सूर्य झाकला. इंद्रानं कर्णाला शक्ती दिलेली, ती घटोत्कचावर खर्च करायला लावली. देव करतो ते चालतं तुम्हाला."

लातूरकरानं मेणबत्ती स्वतःकडे ओढली. "घटोत्कचाचं सोडा, तिथं शक्ती चालली, पुरेपूर चालली. एकदाच वापरायची असं ठरलं होतं, वापरली, संपली. कवचकुंडलं काढून घेतली ती मागून घेतली, आणि बदल्यात काहीतरी दिलं. आणि कर्णाला परशुरामानं शाप कधी दिला? आधी. कित्येक वर्षं आधी. त्याला माहीत होतं, आपल्याला माहीत होतं. रथाचं चाक रुतणार हेसुद्धा आधी सांगितलेलं. तुम्ही रथ रुतल्यावर शाप शोधता."

एवढं बोलून तो थांबता तर जिंकला होता. पण नियमवाल्याला थांबता येत नाही. "आणि भीमानं मांडीवर गदा मारली तो सरळ फाउल होता. बलराम चिडला तेच बरोबर." त्यावर कोल्हापूरकर उठून बसला, कारण गदायुद्ध हा त्याचा प्रांत, आणि मूळ मुद्दा पावसात वाहून गेला. मला मात्र बलरामाची तेव्हापासून ओळख पटली. प्रत्येक खेळात तो असतो. हातात पुस्तक, चेहरा लाल.

मास्तर सगळ्यांनाच अडवतात असंही नाही. त्यांची मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिला खेळात घेतलं ते कच्चं लिंबू म्हणून. तिचं पात्र ससा. सशाच्या अंगी काय काय आहे हे कुठल्याच कागदावर नाही, कारण कागदावर तिनं सशाचं चित्र काढलंय आणि त्याला गुलाबी टोपी रंगवलीय. राक्षस समोर आला, की ती म्हणते, "माझा ससा त्याला चावला, मग तो रडला, मग त्यानं सॉरी म्हटलं." फासा पडत नाही, तक्ता बघितला जात नाही, चष्मा जागचा हलत नाही. मास्तर गंभीरपणे वहीत लिहितात: राक्षस रडला. लातूरकरानं एकदाच हरकत घेतली, की अशा छोट्या प्राण्याला पुस्तकात फार तर एक हिट पॉइंट असतो. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तसं नसतं ते."

आणि हे वाक्य मी खेळाबाहेरही ऐकलंय. मास्तरांचा करार अकरा महिन्यांचा, भाडं पाच तारखेच्या आत, रात्री अकराला गेटला कुलूप. सगळं टाइप करून मोटरच्या स्विचशेजारी लावलेलं. लॉकडाऊनमध्ये वर्धेकराचा पगार तीन महिने आला नाही. तो कॉट आवरून, डिपॉझिटमधून भाडं कापून घ्या आणि उरलेलं द्या म्हणून सांगायला गेला. करारात तसंच होतं, दोघांच्या सह्या होत्या. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तसं नसतं ते. कॉट लाव जाग्यावर. संध्याकाळी मांत्रिक कोण करणार?" गेटचं कुलूप सेकंड शिफ्टवाल्यांसाठी कधी लागत नाही. नियम मात्र तिथं लावलेला आहे, लॅमिनेट करून.

आता बोरांची गोष्ट. ती सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

मागच्या वर्षी मास्तरांनी दुष्काळाची गोष्ट आणली. शिरूर तालुक्यातल्या माणसाला दुष्काळ कल्पनेनं रचावा लागत नाही. घोड धरण, चासकमानचा कालवा, पाणी कुणाकडे वळलं आणि कुणाच्या वावराच्या बांधापर्यंत येऊन थांबलं, हे इथं पारावरचं बारमाही बोलणं. तरी मास्तरांनी तीन नाइट शिफ्ट जागून सत्तावीस पानं काढली होती. गावाची विहीर आटलीय, डोंगरापलीकडे एक झरा आहे, झऱ्यावर राक्षस बसलाय आणि तो टँकरनं पाणी विकतो. आम्ही डोंगर चढायचा, वाटेत सात संकटं.

आम्ही गावात पोचलो. पारावरचा म्हातारा खोकला आणि म्हणाला, गावात दाणा नाही.

माझं पात्र वैदू. माझ्याकडे एक साधी, पहिल्या पायरीची विद्या आहे. तोवर ती कधी वापरली नव्हती. हातात दहा बोरं येतात. एक बोर खाल्लं, की एका माणसाचं दिवसभराचं पोट भरतं. लातूरकराच्या भगताला पाणी काढता येतं, साधारण अडतीस लिटर. मी म्हणालो, "मी बोरं काढतो." लातूरकर म्हणाला, "मी पाणी."

मी मास्तरांच्या हाताकडे बघत होतो. हात आडोशामागून वर आला आणि चष्म्याच्या काडीला लागला. सत्तावीस पानं, तीन रात्री. मला खरंच वाईट वाटलं. बोरं परत घ्यावीत असंही वाटलं. मास्तर म्हणाले, "थांब, थांब. तसं नस..."

"किती बोरं म्हनला?"

आजी दारात बसली होती. ती रोजच बसते; आम्ही काय खेळतो याच्याशी तिला काही देणंघेणं नाही असं आमचं चार वर्षं मत होतं.

"दहा, आजी," मी म्हणालो.

"आन् गावात मान्सं किती?"

मास्तरांनी वही चाळली. "साडेतीनशे."

"मंग?" आजी म्हणाली. "धा जनांचं भागलं. बाकीच्यांनी काय करायचं? आन् दोन हांडं पान्यात तर म्हस बी भागत न्हाई."

कुणी काही बोललं नाही. आजी बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. तेव्हा ती नवी नवरी होती. सुकडी कशी वाटायचे, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी कशी लागायची, हे ती सांगते, पण कधी विचारलं तरच, आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "वाटायला लागलं की कळतं. आमच्या मुकादमाला इचारा. सुकडी हातात असली की त्याच्याकडं कुनी सरळ बघायचं न्हाई, आन् संपली की समदी बघायची."

मास्तरांनी चष्मा पुन्हा घातला. न पुसता घातला, हे मी पाहिलं.

"बोरं निघाली," ते म्हणाले. "दहा. उद्या याच वेळेपर्यंत टिकतील. गाव गोळा झालंय. कुणाला देतोस?"

पुढचे दोन तास एकही फासा पडला नाही. मास्तर एकेक माणूस होऊन समोर येत होते. अंगावरचं लेकरू असलेली बाई झाले. तिच्या शेजारी उभी असलेली, लेकरू नसलेली बाई झाले. खोकणारा म्हातारा झाले, आणि तो म्हातारा म्हणाला, "मला नको, माझं झालंय," आणि मग हळूच वळून बघत राहिला. मास्तरांना इतके आवाज येतात हे आम्हाला माहीत नव्हतं. एवढी वर्षं ते फक्त राक्षसाचा काढायचे. वर्धेकर आणि लातूरकर खरोखरचे भांडले, आधी लहान मुलं की आधी पाणी आणायला जाणारे. सत्तावीस पानांची वही मास्तरांच्या मांडीवर मिटलेली पडली होती. वहिनींनी चहा आणला आणि कपबशा ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. सशानं आपल्या वाटणीचं बोर देऊन टाकलं, कारण ससे गाजर खातात.

नऊ बोरं वाटून झाली. दहाव्यावर गाडी अडली. तेव्हा कोल्हापूरकर, जो इतका वेळ भिंतीला टेकून बसला होता, म्हणाला, "दहावं मी खाल्लं."

"काय?"

"पैलवानानं खाल्लं. मगाशीच. तुमचं चाललं होतं तेव्हा."

लातूरकर ताडकन उठला. पैलवान असं करूच शकत नाही, तो सज्जन आहे, कागदावर सज्जन लिहिलंय, पान नंबर सांगतो. मास्तरांकडे बघून तो चक्क म्हणाला, "मास्तर, तुम्ही थांबवा याला." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मास्तरांकडे चावी फिरवायची मागणी केली होती. मास्तरांचा हात चष्म्याकडे गेला. टोक बाहेर आलं. डावी काच.

"खाऊ दे की," आजी म्हणाली. "एवढ्या मोठ्या देहाला भूक लागत न्हाई व्हय?"

उजवी काच राहिली. मास्तरांनी चष्मा चढवला आणि कोल्हापूरकराकडे नीट बघून विचारलं, "बरं. खाल्लं. गावानं बघितलंय. आता?"

आम्ही रात्री दीडला उठलो. मास्तरांची फर्स्ट शिफ्ट होती.

पुढच्या सुट्टीला आम्ही लवकर जमलो. कोल्हापूरकरानं येताना बाजारातनं खरी बोरं आणली होती, पाव किलो, आणि ती मोजून आजीसमोर ठेवली. मास्तरांनी आडोसा उभा केला, वही उघडली, घसा साफ केला आणि फासा कुणी उचलायच्या आत म्हणाले, "एक गोष्ट आधीच सांगतो. आधी सांगतोय, नंतर कर्ण काढायचा नाही. या गावात बोरांवर भुरी पडलीय. विद्येची असोत नाहीतर झाडाची."

लातूरकरानं तोंड उघडलं आणि मिटलं. आधी सांगितलं होतं. त्याला काही बोलता येईना. मास्तर आडोशावरून आमच्याकडे पाहत होते, आणि चेहरा असा, की जणू त्यांनी एकट्यानं अख्खं पुस्तक नव्यानं लिहिलंय.

आजीनं बी थुंकलं. "भुरीच हाय ना? मंग गंधक मारा की."

मास्तरांनी शर्टाचं टोक ओढलं.